‘मि आई’ : एका स्क्रीनशॉटबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुझा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून आधी तो मला जसा कळला तसा मांडते. तू माध्यमांचा अभ्यास करतेस. सोशल मीडिया, साक्षरता आणि डिजिटल कथाकथन यांना जोडणारी तीन मिनिटांची चित्रफीत आणि तिच्यासोबत हजार शब्दांचं रिफ्लेक्शन, म्हणजे आपल्याच कामाकडे वळून बघणारं लेखन, असं काम तुला मिळालं होतं. चित्रफीत तू आईवर केलीस. आईची शाळा लवकर सुटली. वाचता येतं, पण लिहायची सवय मोडली ती मोडलीच. फोन हातात आल्यापासून तिचं सगळं व्हॉइस नोटवर चालायचं. तू परीक्षेसाठी परगावी गेलीस तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतः टाइप करून मेसेज पाठवला : ‘पोचलिस का’. मिनिटभराने दुसरा आला : ‘मि आई’. तुला हसू आलं. स्क्रीनशॉट काढून, त्यावर हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे चिकटवून तू तो स्टोरीला टाकलास. मावशीने तो पाहिला आणि आईला सांगितलं. त्यानंतर आईने टाइप केलं नाही, पुन्हा व्हॉइस नोट सुरू झाल्या.

चित्रफितीवर शिक्षकांचा शेरा आला : ‘निबंध वाचून दाखवला आहे. गोष्ट कुठे आहे?’ तुझ्या मैत्रिणीने याच विषयावर केलेल्या वीस सेकंदांच्या रीलला हजारो व्ह्यूज मिळाले आणि तुझ्या चित्रफितीला एक्केचाळीस. तर आता तू विचारतेस, की दिवसभर फोनवर चालतं त्या वाचण्या-लिहिण्याला साक्षरता म्हणायचं का, चित्रफितीत नेमकं चुकलं काय, आणि रिफ्लेक्शनमध्ये लिहायचं तरी काय.

मी बरीच वर्षं डिजिटल कथाकथनाच्या कार्यशाळा घेते आहे. तू पाठवलेली चित्रफीत तीनदा पाहिली, त्यातली एकदा डोळे मिटून. पत्र दोनदा वाचलं. पत्र चित्रफितीपेक्षा पुष्कळ चांगलं आहे. असं का झालं, यात तुझ्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं आहेत.

आधी साक्षरतेचं बघू. युनेस्कोने १९५८ साली जगभरची आकडेवारी गोळा करता यावी म्हणून साक्षर माणसाची व्याख्या ठरवली. तिचा आशय असा : स्वतःच्या रोजच्या आयुष्याबद्दलचं एखादं छोटं, साधं विधान ज्याला समजून वाचता आणि लिहिता येतं, तो साक्षर. पुढे या व्याख्येत खूप भर पडली, पण ही जुनी व्याख्या घे आणि तिच्याशेजारी ‘पोचलिस का’ ठेव. छोटं, साधं, रोजच्या आयुष्याबद्दलचं. व्याख्येला उदाहरण हवं असतं तर याहून नेमकं मिळालं नसतं. त्या व्याख्येत ऱ्हस्व-दीर्घाची अट नाही.

तुझ्या चित्रफितीतलं वाक्य मात्र असं आहे : ‘माझ्या आईसारख्या अल्पशिक्षित व्यक्ती आता डिजिटल साक्षरतेच्या दिशेने पहिले पाऊल टाकत आहेत.’ या वाक्यात आई कुठेच दिसत नाही. दिसते ती तिच्याकडे वरून बघणारी तू. तुझा हेतू तसा नव्हता हे पत्रावरून कळतं. ती भाषाच तशी आहे, अहवालाची. ती वापरली की माणसाची आकडेवारी होते.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे हे नाव तुझ्या वाचनाच्या यादीत असेलच. १९६३ साली ब्राझीलच्या ईशान्येला अंजिकुस नावाच्या गावात त्यांच्या चमूने सुमारे ३०० शेतमजुरांना ४० तासांत वाचायला-लिहायला शिकवण्याचा प्रयोग केला. तासांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण महत्त्वाचं होतं ते शब्द निवडणं. शिकवणारे आधी त्या लोकांमध्ये जाऊन त्यांच्या बोलण्यात कोणते शब्द वजनाने येतात ते ऐकायचे. वीट, नांगर, काम, असले शब्द. मग त्या शब्दाची फोड करून त्यातल्या अक्षरांतून नवे शब्द जुळवायचे. माणूस अक्षराआधी आपलं जग वाचत असतो, हे फ्रेरे यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता बळकावली, ते काम बंद पडलं, फ्रेरे तुरुंगात गेले आणि नंतर देशाबाहेर. अक्षरं शिकवणं ही सरकारला एवढी भीतीची गोष्ट वाटू शकते, हे जाता जाता लक्षात असू दे.

तुझ्या आईने टाइप करायला पहिला शब्द कोणता निवडला? पोचणं. मुलगी घराबाहेर पडली की आईच्या डोक्यात दुसरा कोणता शब्द असतो? हा शब्द तिला कुणी दिलेला नाही, तिनेच तो उचलला. आणि दुसरा मेसेज तर त्याहून बघण्यासारखा आहे. ‘मि आई’. तुला तो विनोदी वाटला, कारण फोनवर नाव दिसतंच. पण ती पत्र लिहिणाऱ्यांच्या शिस्तीत वाढलेली आहे. मजकूर झाला की खाली कोण लिहितंय ते लिहायचं. तिने मेसेजला सही केली. एका लेखनप्रकाराचा नियम दुसऱ्या लेखनप्रकारात नेला, आणि असं करण्यासाठी आधी ते दोन्ही ‘लेखन’ आहेत हे कळावं लागतं.

१९९४ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या न्यू लंडन या गावी दहा अभ्यासक जमले होते, त्यांना पुढे न्यू लंडन ग्रुप असं नाव पडलं. १९९६ मध्ये त्यांनी ‘बहुविध साक्षरता’ अशी कल्पना मांडली. सारांश असा, की अर्थ फक्त अक्षरांत नसतो, तो चित्र, आवाज, हावभाव, मांडणी या सगळ्यांत असतो. आणि लिहिणारा माणूस हाताशी असलेल्या जुन्या साच्यांतून नवी रचना घडवत असतो. तुझ्या चित्रफितीत या गटाचं नाव पंचविसाव्या सेकंदाला येतं, इंग्रजी व्याख्येसकट. आणि त्या कल्पनेचं उत्तम उदाहरण, आईची सही, मात्र तू चित्रफितीतून वगळली आहेस. पत्रात आहे, चित्रफितीत नाही. मी म्हटलं ना, पत्र चांगलं आहे.

आता तुझ्या स्वतःच्या दिवसभराच्या लिहिण्याबद्दल. ‘आमच्या पिढीला लिहिता येत नाही असं सगळे म्हणतात’, हे तू चिडून लिहिलं आहेस. स्टॅनफर्ड विद्यापीठात अँड्रिया लन्सफर्ड यांनी २००१ पासून पाच वर्षं विद्यार्थ्यांचं लेखन गोळा केलं. वर्गातलं, वर्गाबाहेरचं, ईमेल, ब्लॉग, चॅट, सगळं मिळून १४,६७२ नमुने. त्यातलं ३८ टक्के लेखन वर्गाबाहेरचं होतं, कुणी न सांगता केलेलं. आणि विद्यार्थी वाचक ओळखण्यात पटाईत होते; कोणाशी कसं बोलायचं, सूर कधी बदलायचा, हे त्यांना बरोबर कळत होतं. म्हणजे चिडायचा तुला हक्क आहे. मित्रांच्या ग्रुपवर तू एक पूर्णविराम देतेस आणि समोरच्याला कळतं की तू रागावली आहेस. हे भाषेचं बारीक भान आहे. ते नाकारणाऱ्यांनी तुमचे ग्रुप वाचलेले नसतात.

पण वाचक ओळखण्यात एवढी पटाईत असलेली तू त्या स्क्रीनशॉटच्या वेळी कुठे घसरलीस? स्टोरी टाकताना तुझ्या डोळ्यांसमोर पाच-सहा मैत्रिणी होत्या. त्यांच्या आयाही अशाच लिहितात, त्यांना त्यातलं प्रेम कळलं असतं. मावशी डोळ्यांसमोर नव्हती, पण ती यादीत होती. डॅना बॉइड आणि मायकेल वेश या अभ्यासकांनी या प्रकाराला संदर्भ कोसळणं म्हटलं आहे. एरवी आपण घरात एक बोलतो, मैत्रिणींत एक, शिक्षकांसमोर तिसरंच, कारण मध्ये भिंती असतात. पडद्यावर त्या भिंती नाहीत. बॉइड यांनी इंटरनेटवरच्या मजकुराचे चार गुण सांगितले आहेत : तो टिकतो, त्याची प्रत निघते, तो कितीही पसरू शकतो आणि शोधला तर सापडतो.

तू म्हणशील, स्टोरी तर चोवीस तासांत जाते. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये आणि इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये ही सोय आणली ती लोकांनी सैलपणे, फार विचार न करता टाकावं म्हणून, आणि लोक टाकतातही. पडद्यावरून चोवीस तासांत गेलं. मावशीच्या तोंडून आईच्या कानात गेलेलं मात्र अजून तिथेच आहे. तुझी आई गेले काही महिने टाइप करत नाही, म्हणजे तुझ्या स्टोरीची मुदत अजून संपलेली नाही.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. माझ्या हातूनही हे झालं आहे. सुरुवातीच्या एका कार्यशाळेत एका वयस्क गृहस्थांनी स्वतःच्या पहिल्या नोकरीबद्दल लिहून आणलं. बोलतात तसं लिहिलेलं, वाक्यं कुठेही सुरू, कुठेही बंद. मी मदत करायची म्हणून रात्री बसून ते ‘नीट’ करून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं नीट केलेलं पान माइकसमोर वाचलं. बातम्या वाचतात तसं. आदल्या दिवशी गोलात बसून सांगताना त्यांचा आवाज जिथे अडकला होता, ते वाक्य मी दोन वाक्यांत तोडलं होतं. तिथे आता आवाज अडकायला जागाच नव्हती. त्यांनी तक्रार केली नाही, उलट आभार मानले. मला ते आभार अजून आठवतात. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या स्क्रिप्टला पेन लावत नाही, फक्त विचारते.

आता चित्रफितीकडे. डिजिटल कथाकथन हा शब्द हल्ली जाहिरातवालेही वापरतात, त्यामुळे मूळ प्रकार काय होता ते थोडक्यात सांगते. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डॅना अॅचली, जो लॅम्बर्ट आणि नीना मुलेन यांनी एक केंद्र सुरू केलं. १९९८ मध्ये ते बर्कलीला गेलं. साध्या लोकांनी, ज्यांना कॅमेरा-संकलन काही येत नाही अशांनी, आपल्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्या आवाजात, आपल्याच घरातल्या फोटोंवर सांगायची. पुढे २००१ ते २००८ या काळात डॅनियल मेडोज यांनी बीबीसी वेल्समध्ये हाच प्रकार गावोगाव नेला. त्यांनी मर्यादा घट्ट ठेवली : सुमारे २५० शब्द, डझनभर फोटो, दोन मिनिटं. सुनीत या काव्यप्रकाराला जशी चौदा ओळींची चौकट, तशी ही.

मराठीसाठी त्यात एक दुरुस्ती. आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन चालतात, ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे दोन मिनिटांत मराठीचे २५० शब्द कोंबले तर धाप लागते. माझ्या अनुभवात १८० ते २०० शब्द निवांत बसतात. तुझ्या तीन मिनिटांत मी ४३० शब्द मोजले. डोळे मिटून ऐकलं तेव्हा तुझा श्वास कुठेच ऐकू आला नाही. तू ते काढून टाकलेस का? काढले असतील तर परत ठेव.

या प्रकाराची सात घटकांची एक प्रसिद्ध यादी आहे आणि तुझ्या वर्गात ती शिकवलेली दिसते : दृष्टिकोन, प्रश्न, भावना, आवाज, संगीत, काटकसर, गती. तू एकेक घटक भरला आहेस, फॉर्म भरावा तसा. ‘भावना’ या रकान्यात पियानो टाकला आहेस. पियानो काढ. तो प्रेक्षकाला सांगतो की इथे हळवं व्हा, आणि सांगितल्यावर कोणी होत नाही.

मला विचारशील तर या सगळ्या प्रकारातली सर्वांत मोलाची गोष्ट संगणकावर होतच नाही. ती म्हणजे सुरुवातीला गोल करून बसणं. आठ-दहा जण, प्रत्येकाने आपली गोष्ट तोंडी सांगायची, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायची. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून सांगणाऱ्याला कळतं की आपली गोष्ट कुठे सुरू होते. ती जवळजवळ कधीच तो समजत असतो तिथे सुरू होत नाही. तुला गोल मिळाला नाही, म्हणून तू मला पत्र लिहिलंस, आणि लिहिताना गोष्ट आपोआप बाहेर आली.

आता एडिटिंग ॲपमधली टाइमलाइन उघड. पहिली पंचावन्न सेकंदं : ‘आजच्या डिजिटल युगात सोशल मीडिया हा आपल्या जीवनाचा अविभाज्य भाग बनला आहे’ इथपासून व्याख्यांपर्यंत. सगळं काढ. ज्या वाक्याने कुणाचीही चित्रफीत सुरू होऊ शकते, त्या वाक्याने तुझी सुरू करू नये. पुढची पंचेचाळीस सेकंदं आलेख. ते रिफ्लेक्शनमध्ये ने, तिथे त्यांचं काम आहे. एक मिनिट चाळीसला आई येते, आणि येते तीसुद्धा पाठमोरी, तू आवाजात तिच्या शिक्षणाचा तपशील देत असताना.

पत्रात तू काय लिहिलं आहेस ते बघ. तुझीच वाक्यं आहेत, मी फक्त ओळी पाडल्या :

‘आई टाइप करते तेव्हा एकच बोट वापरते. बाकीची चार मिटून घेते, चुकून लागतील म्हणून.
ळ तिला सापडत नाही. म्हणून ती ळ असलेले शब्दच टाळते.
मी स्टेशनवर उतरले तेव्हा फोन वाजला नाही, नुसता थरथरला. मला वाटलं कंपनीचा मेसेज.’

या तीन ओळींवर तुझी गोष्ट सुरू होते. ‘ळ असलेले शब्द टाळते’ या ओळीत साक्षरतेचा जो धडा आहे तो तुझ्या पंचावन्न सेकंदांच्या व्याख्यांत नाही. ती स्त्री एक अक्षर नसलेल्या भाषेत लिहिते आहे आणि तरी तिला म्हणायचं ते म्हणते आहे. चांगले चांगले लेखक अशी अट घालून घेऊन लिहायला बसतात!

चित्रांचं एकच सांगते. तू ‘बोट’ म्हणतेस तेव्हा बोट दाखवू नकोस, ‘फोन’ म्हणतेस तेव्हा फोन दाखवू नकोस. कानाला मिळालेलंच डोळ्याला परत दिलं की डोळा कंटाळतो. ‘ळ सापडत नाही’ या ओळीवर तिच्या चष्म्याचा फोटो ठेव, टेबलावर उलटा पडलेला. तो तुझ्या फोल्डरमध्ये आहे, एकतिसावा. आणि तिची अकरा सेकंदांची व्हॉइस नोट तू तळाशी, संगीताखाली दाबली आहेस. तिला संगीत नको, चित्रही नको. काळा पडदा आणि आईचा आवाज. बोलायच्या आधी ती जो घसा खाकरते तोही राहू दे.

राहिला स्क्रीनशॉट. पत्राच्या शेवटी, जवळजवळ ताजा कलम असल्यासारखं तू लिहिलं आहेस, की तो टाइमलाइनवर चार वेळा ठेवलास आणि चार वेळा काढलास. शेवटी ‘रिस्क नको’ म्हणून काढला, आणि आईसुद्धा दुखावली गेली हा भागही काढला. म्हणजे जे घडलं त्याच्या मध्यावरच बोळा फिरवलास, आणि मग गोष्ट कुठे आहे असं शिक्षकांनी विचारलं तर त्यांचं काय चुकलं?

माझं मत स्पष्ट आहे. स्क्रीनशॉट दाखवायचा नाही. तो एकदा तिला न विचारता दाखवून झाला आहे. पण घडलं ते सांगायचं, तुझ्या आवाजात, तुझ्या बाजूने : मी हसले, मी टाकलं, ती थांबली. आणि त्या जागी मेसेज नुसते वाच. मोठ्याने वाचून बघ आत्ता. पोचलिस का. मि आई.

काही कळलं? ऱ्हस्व-दीर्घ ऐकूच येत नाही. बोलताना आपण सगळे ‘मि’ आणि ‘मी’ यांच्यामध्ये कुठेतरी असतो. चूक फक्त कागदावर किंवा पडद्यावर होती. आवाजात तीच दोन वाक्यं अचूक आहेत. जी चूक गंमत म्हणून तुझ्या स्टोरीत पसरली ती तुझ्या तोंडून म्हटली की शिल्लकच राहत नाही. राहतो तो फक्त मुलगी पोचली का हा प्रश्न आणि विचारणारी कोण ते. चित्रफीत स्वतःच्या आवाजात करायचा आग्रह का धरतात, त्याचं याहून चांगलं कारण मी तुला देऊ शकत नाही. (म्हणूनच यंत्राच्या तयार आवाजात व्हॉइस-ओव्हर करायचा विचार, जो तू कंसात लिहिला आहेस, तो सोडून दे.)

व्ह्यूजबद्दल फार लिहीत नाही. सोरूश वोसोगी, देब रॉय आणि सिनान अराल या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रसार तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि दोष यंत्रांचा नव्हता, माणसंच पाठवत होती, कारण खोट्यात नवल जास्त असतं. पसरणं आणि पोचणं यांत फरक असतो, एवढंच त्यातून घे. मैत्रिणीच्या रीलचा हेवा वाटतो तर वाटू दे, तो वाटतोच.

याच संदर्भात तुझ्या आलेखाखालचं एक वाक्य खोडायला हवं : ‘कमी शिकलेले लोक खोट्या फॉरवर्डना लवकर बळी पडतात.’ सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी १० इतिहासाचे डॉक्टरेटधारक, १० व्यावसायिक तथ्य-पडताळणीकार आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरून खाली बारकाईने वाचत बसले आणि छान लोगो, गंभीर मांडणी यांना बरेचदा फसले. पडताळणीकार पानावर रमलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या लोकांबद्दल इतर काय म्हणतात ते बघितलं. आडवं वाचन म्हणतात त्याला. बारकाईने वाचायची जी सवय शाळेने कष्टाने लावली, तीच इथे आड आली.

आणि तुझी आई काय करते? तू तक्रारीच्या सुरात लिहिलं आहेस : ‘प्रत्येक फॉरवर्ड आला की मावशीला फोन करून विचारते, खरं आहे का गं हे.’ अगं, ती पान सोडून बाहेर जाऊन विचारते आहे. मावशी हा विश्वासार्ह स्रोत आहे की नाही तो वेगळा मुद्दा, आणि स्क्रीनशॉट प्रकरणानंतर तुझं तिच्याबद्दल काय मत आहे तेही मला कळतं. पण रीत बरोबर आहे.

रिफ्लेक्शनमध्ये ‘या प्रकल्पातून मला खूप शिकायला मिळालं’ असं लिहू नकोस. कोणतं ॲप वापरलं, ट्रान्झिशन कसे दिले, हेही एका ओळीत संपव. डोनाल्ड शॉन या अभ्यासकांनी १९८३ मध्ये फरक केला होता तो इथे उपयोगी आहे : काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार. बहुतेक विद्यार्थी फक्त दुसरा लिहितात, तोही शिक्षकांना आवडेल असा. पहिला हातात असतानाच निसटतो, कारण तो आपण लिहून ठेवत नाही. तुझ्याकडे त्याचा पुरावा आहे. एडिटिंग ॲपमध्ये प्रोजेक्टच्या जुन्या प्रती असतील, त्या उघड. पहिल्यांदा स्क्रीनशॉट ठेवलास तेव्हा का ठेवलास? हसू यावं म्हणून? काढलास तेव्हा कोणाचा चेहरा आठवला? तिसऱ्यांदा परत ठेवलास तेव्हा बहुधा शिक्षकांना ‘पुरावा’ हवा असेल असं वाटलं असणार. प्रत्येक वेळी तू वेगळ्या वाचकासाठी तेच चित्र तोलत होतीस. हे चार निर्णय नीट लिहिलेस की हजारातले सहाशे शब्द झाले, आणि लन्सफर्ड, बॉइड, न्यू लंडन ग्रुप हे सगळे त्या निर्णयांच्या शेजारी आपोआप येऊन बसतील. आत्ता ते वेगळ्या परिच्छेदात पाहुण्यांसारखे अवघडून बसले आहेत.

एक अवघड वाक्यही लिहावं लागेल. आईवर चित्रफीत करायची तू ठरवलीस ती तिच्यासाठी की गुणांसाठी? दोन्ही असू शकतं. दोन्ही असेल तर दोन्ही लिही. शिक्षक असं वाक्य वाचून गुण कापत नाहीत. आणि कापले तर मला कळव, मी त्यांच्याशी भांडायला तयार आहे.

राहता राहिलं प्रसिद्ध करायचं. चित्रफीत कुठेही टाकायच्या आधी आईला दाखव, आणि ‘चालेल ना?’ असं घाईत विचारू नकोस, कारण त्याला ती हो म्हणेल. फोन तिच्या हातात दे, थांबवायचं बटण दाखव, आणि एकटीला बघू दे. कोण कोण बघणार आहे ते नावं घेऊन सांग. मावशीचंही.

ते झालं की सबटायटल लावायचे आहेत, ते गाळू नकोस. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ते लागतात आणि आवाज बंद ठेवून बघणारे तर पुष्कळ असतात. इथे एक गोम आहे. ॲप आपणहून सबटायटल करेल तेव्हा तुझा आवाज ऐकून ते ‘पोहोचलीस का’, ‘मी आई’ असं शुद्ध लिहील. आईने लिहिलं तसं ठेवायचं तर तुला हाताने बदलावं लागेल. शुद्ध ठेवलंस तर ते तिचं राहत नाही, तिचं ठेवलंस तर पुन्हा तीच दोन अक्षरं पडद्यावर येतात. मला यातलं काय बरोबर ते ठरवता येत नाही आणि तुलाही ठरवता येऊ नये. दोन्ही प्रती कर, दोन्ही तिला दाखव, आणि कोणती ठेवायची ते तिला विचार.